‘ळ’चे स्थान आणि सेनेकाची क्रियापदे

नोडजेएसवरील ‘सेनेका’ या चौकटीत नोंद साठविणे, आणणे, यादी मागणे व काढून टाकणे यांच्या आज्ञा कोणत्याही डेटाबेससाठी त्याच राहतात. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या क्लाउड डेटाबेसशी सांधा जुळवितो तो प्लगइन. ही एकरूपता स्तुत्य खरी, परंतु ती केवळ क्रियापदांची होय. डायनॅमोडीबी मजकुराची सॉर्ट की यूटीएफ-८ च्या बाइटक्रमाने लावते. युनिकोडात ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये बसविलेला आहे; सबब ‘बळ’ हा शब्द ‘बस’च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हकारानंतरचा. कोशकाराने दाद कोणाकडे मागावी? प्लगइन केवळ दुभाषा. वर्णक्रम हा त्याचा विषयच नव्हे. वर्णमालेनुसार घडविलेली सॉर्ट की प्रत्येक नोंदीबरोबर साठविण्याचे (काहीसे कंटाळवाणे) काम कोशकारासच करावे लागते.