छायाचित्रांचे दीर्घकालीन जतन आणि फाईल-स्वरूपाची निवड : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : छायाचित्र, जतन, टिफ, जेपीईजी, मूळप्रत, स्थानिक इतिहास

प्रस्तावना

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवडा येथे फाशी देण्यात आली. त्या काळातील छायाचित्रे कागदावर उतरली. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली, ते दृश्य मोबाईलमध्ये टिपले गेले. ही छायाचित्रे जन्मतःच डिजिटल आहेत. उद्याच्या इतिहास-संशोधकाला दोन्ही प्रकारचे पुरावे लागणार आहेत. मात्र त्यांच्या जतनासंबंधी दोनच सरधोपट मते ऐकावयास मिळतात. एक मत सर्व छायाचित्रे टिफमध्ये रूपांतरित करावयास सांगते. दुसऱ्या मतानुसार जेपीईजी पुरेसे असते. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा केली आहे.

‘जेपीईजी पुरेसे आहे’ या मताची मर्यादा

१९९२ मध्ये प्रमाणित झालेले जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा सूक्ष्म तपशील वगळते. हा तपशील पुन्हा मिळविता येत नाही. फाईलची केवळ नक्कल केल्याने हानी होत नाही. परंतु चित्र उघडून, कापून वा उजळवून पुन्हा जतन केले की तपशील वगळण्याची क्रिया नव्याने घडते. जुन्या छायाचित्रावरील पुसट शाई, स्टुडिओचा शिक्का, गिरणीच्या फलकावरील अक्षरे हा नेमका सूक्ष्म तपशील होय. अभ्यासकाचा पुरावा बहुधा तेथेच असतो. म्हणून कागदी छायाचित्र स्कॅन करताना मूळप्रत जेपीईजीमध्ये ठेवणे सयुक्तिक नाही.

टिफ हा येथे अधिक योग्य पर्याय ठरतो. त्याची ६.० ही आवृत्ती १९९२ ची असून तिचा तपशील सर्वांना खुला आहे. याउलट १९९२ मध्येच बाजारात आलेल्या कोडॅकच्या फोटो सीडीचे स्वरूप एका कंपनीच्या हाती राहिले. कंपनीने लक्ष काढून घेताच त्या फाईली वाचणारी साधने दुर्मिळ झाली. स्वरूपाचे आयुष्य गुणवत्तेइतकेच त्याच्या खुलेपणावर अवलंबून असते, हा त्याचा बोध होय.

टिफ जागा फार व्यापते, हा आक्षेप आकड्यांवर तपासून पाहावा. ४ × ६ इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयने, २४-बिट रंगात स्कॅन केल्यास २४०० × ३६०० पिक्सेल होतात आणि असंपीडित फाईल सुमारे २६ एमबीची होते. अशी एक हजार छायाचित्रे २६ जीबीत मावतात. १ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर ३८ हजारांहून अधिक. महाविद्यालयाच्या संग्रहाला हा भार जड नाही.

‘सर्व काही टिफमध्ये’ या मताची मर्यादा

मोबाईलने जेपीईजीमध्येच टिपलेले छायाचित्र टिफमध्ये नेल्याने गमावलेला तपशील परत येत नाही. फाईल कित्येक पटींनी फुगते, मात्र चित्र तेवढेच राहते. रूपांतरात दिनांक, कॅमेरा, अक्षांश-रेखांश ही अंतर्गत माहिती गळण्याचा धोकाही संभवतो. म्हणून चिमणीच्या छायाचित्राची मूळप्रत म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली, न उघडता-न बदलता ठेवलेली फाईलच होय. आयफोनमध्ये २०१७ पासून आलेल्या एचईआयसी स्वरूपाबाबतही मूळ फाईल ठेवून वापरासाठी वेगळी जेपीईजी प्रत करणे श्रेयस्कर.

महाविद्यालयीन व्यवहार

या प्रश्नाची झळ आपल्या कार्यालयांपर्यंत पोहोचली आहे. नॅकच्या २०१७ नंतरच्या मूल्यांकन-पद्धतीत अनेक निकषांसाठी जिओटॅग छायाचित्रे मागितली गेली. व्यवहारात असे छायाचित्र मोबाईलवरून व्हॉट्सअॅप गटावर, तेथून वर्डच्या अहवालात आणि शेवटी पीडीएफमध्ये जाते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या चित्राचे पिक्सेल घटतात व अंतर्गत स्थान-माहिती निघून जाते. चित्रावर उमटविलेला पत्ता तेवढा उरतो, आणि तोही चित्राचा खालचा भाग झाकून. पुरावा म्हणून काढलेल्या छायाचित्रातील पुरावाच अशा रीतीने वाटेत सांडतो. अहवाल सादर झाल्यावर मोबाईलमधील मूळ फाईल पुसली गेली, तर त्या कार्यक्रमाची खरी नोंद कोठेच उरत नाही. ही हानी स्वरूपाच्या चुकीच्या निवडीपेक्षा मोठी आहे. तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ती जशीच्या तशी पोहोचते, एवढी साधी दक्षताही सहसा घेतली जात नाही.

निष्कर्ष

कोणतेही एक स्वरूप सर्वश्रेष्ठ नाही. छायाचित्र कोठून जन्मले यावर निवड ठरते. कागदी छायाचित्राची मूळप्रत असंपीडित टिफमध्ये असावी. कृष्णधवल छायाचित्रही रंगीत स्कॅन करावे, कारण कागदाचा पिवळेपणा हीसुद्धा माहितीच असते. मागील बाजूची हस्तलिखित नावेही स्कॅन करावीत. जन्मतः डिजिटल छायाचित्राची मूळ फाईल अस्पर्शित ठेवावी. अहवाल, संकेतस्थळ व मुद्रण यांसाठी नेहमी वेगळी प्रत काढावी. मूळ फाईलींच्या किमान दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या बदललेल्या नाहीत, याची चेकसमने वेळोवेळी पडताळणी करावी.

हे काम संगणक-सहायकावर सोपवून प्राध्यापकांना मोकळे होता येणार नाही. मूळप्रत कोणती आणि वापराची प्रत कोणती, हा भेद साधन-चिकित्सेचा आहे. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण तो कटाक्षाने पाळतो. छायाचित्राला तीच शिस्त लावली नाही, तर १९३० च्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक छायाचित्रे काढूनही आपल्या काळाचा दृश्य पुरावा अधिक क्षीण राहील.