बोट मुंबईला लागल्यावर

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) बोट मुंबईला लागते, चक्रधर उतरतो, निर्वासित ज्यू हॅर्टा बोटीवरच राहते. ही ताटातूट काळीज चिरते खरी. पण परक्याविषयीची ती माया प्रियकराची, गावकऱ्याची नव्हे.

गावकऱ्याची गोष्ट पुढे १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्यास घडली. रशियाने सायबेरियात धाडलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक सैनिकांच्या घरची बायकामुले, १९४८ पर्यंत तिथे राहिले. त्यांतली कित्येक मुले म्हातारपणी कोल्हापूर पाहायला परत आली! आम्हां देवळालीशेजारच्या नाशिककरांना छावणीतला गोरा शिपाई ठाऊक. त्याची परागंदा आई नाही. तिला दूध घालणारा गवळी मला कादंबरीत हवा आहे. पैसे थकले तेव्हा तो काय म्हणाला असेल, आणि कोणत्या भाषेत?