टोपी कोणाची?

जुन्या वस्तूंच्या बाजारांत एखादी लष्करी टोपी आली, कीं ती कोणा थोर सेनापतीची असावी, असा तर्क लगेच निघतो. हा तर्क तपासावा कसा, हें पाहण्यास नेपोलियनच्या टोपीसारखें दुसरें उदाहरण नाहीं. त्यानें सुमारें १२० टोप्या वापरल्या असें सांगतात. पैकीं आज विसाच्या आसपास शिल्लक आहेत.

ओळख पटविण्यासाठीं सामान्यतः तीन खुणा पुढें करण्यांत येतात : बीव्हरच्या केसांचा काळा नमदा, काढून टाकलेलें अस्तर, आणि टोकें दोन्ही खांद्यांकडे करून टोपी घालण्याची त्याची लकब. पहिल्या खुणेनें काळ ठरेल, माणूस ठरणार नाहीं. कारण दोन टोकांची तशी टोपी त्या काळीं कितीतरी अधिकाऱ्यांच्या डोक्यावर होती. अस्तर दोनशें वर्षांत आपोआपहि नाहींसें होतें. आणि लकब तर धन्याबरोबरच गेली! म्हणजे जी खूण चित्रांमुळें जगास सर्वांत परिचित, तीच निर्णयाच्या कामीं सर्वांत निरुपयोगी.

२०२१ सालीं शास्त्राची साक्ष पुढें आली. नेपोलियनचें नांवहि न लागतां जर्मनींतील एका लहानशा लिलावांत विकली गेलेली एक टोपी तपासली असतां, तींतील केसांत त्याच्या डीएनएशीं जुळणारी खूण आढळल्याचें जाहीर झालें. या शोधाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु केस टोपींत केव्हां व कसा आला, हें तो केस सांगत नाहीं. ही साक्ष पूरक आहे. तिच्या एकटीवर निकाल देणें साहसाचें होईल.

२०१४ मध्यें फॉन्तेनब्लो येथें सुमारें १९ लक्ष युरोंस विकल्या गेलेल्या टोपीची गोष्ट निराळी. ती प्रथम लष्करांतील पशुवैद्य जोसेफ जिरो याजकडे होती, आणि पुढें मोनॅकोच्या राजघराण्याच्या संग्रहांत आली. येथें नमदा बोलत नाहीं. ती वस्तु ज्या ज्या हातांतून गेली, ते हात बोलतात.

वस्तु अस्सल असूनहि तिला चिकटविलेलें नांव खोटें असूं शकतें, हा भेद विसरला कीं इतिहासाची जागा हौस घेते. आणि किंमत जितकी मोठी, तितकी ती हौस अधिक आंधळी. म्हणून ज्यांच्या घरीं पूर्वजांची एखादी जुनी वस्तु असेल, त्यांनीं ती कोणाकडून व केव्हां आली, एवढें तरी आजच लिहून ठेवावें. उद्यांच्या संशोधकास तिच्यावरील कलाबतूपेक्षां त्या चार ओळीच अधिक मोलाच्या वाटतील.