मधुवनस्पतींचे नकाशे आणि नामांचा प्रश्न

मधमाश्यांना मकरंद पुरविणाऱ्या वनस्पतींचे नकाशे तयार करणे हे केवळ वनस्पतिशास्त्राचे कार्य आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती अपुरी आहे. नकाशावरील प्रत्येक खूण अखेर एका नावाच्या आधारे उभी असते. ते नाव कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून ऐकले, याची नोंद नसेल तर खुणेचा आधारच डळमळतो.

भाषाविज्ञानाला हा प्रश्न नवा नाही. फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी ६३९ ठिकाणांहून शब्द गोळा करण्यात आले. त्याच सामग्रीवरून झ्यूल झिलिएरों यांनी मधमाशीच्या नावांची वंशावळ मांडणारा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. ‘आपिस’ हा लॅटिन शब्द ध्वनींच्या झिजेमुळे इतका आखूड झाला की, ठिकठिकाणी निरनिराळ्या शब्दांनी त्याची जागा घेतली. तेथे वस्तू एक व नावे अनेक होती. आपल्याकडे नाव एक व वस्तू अनेक, ही अडचण अधिक घातक ठरते.

‘अंजन’ हेच नाव घ्यावे. खानदेशातील शुष्क वनांत ते हार्डविकिया बायनाटा या उंच वृक्षाचे नाव आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र निळ्या फुलांच्या मेमेसायलॉन अम्बेलेटम या लहान वृक्षाला अंजन किंवा अंजनी म्हणतात. दोन्ही एकाच चिन्हाने दाखविणारा नकाशा निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारा होय.

कारवीच्या बाबतीत स्थळाच्या जोडीला काळाचाही घोटाळा होतो. मुंबईच्या टेकड्यांवर कारवी २००८, २०१६ व २०२४ या वर्षी बहरली. म्हणजे अंतर आठ वर्षांचे. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘सात वर्षांनी’ असे येते, कारण मधली रिकामी वर्षे सात असतात. कास पठारावरील टोपली कारवी ही निराळी जाती असून तिचे चक्र सात वर्षांचे मानले जाते. एवढा विवेक न करता आखलेल्या नकाशावर विसंबून पेट्या हलविणारा मधपाळ वर्षभर आधीच रानात पोहोचेल. सातेरी माशी साधारणतः एक-दीड किलोमीटरच्या परिघात चरते. तेवढ्या परिसरात फुलोरा नसेल तर वसाहत उपाशी राहते किंवा पेटी सोडून जाते.

शास्त्रीय नाव लिहिले की प्रश्न मिटतो, हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. कारवीलाच ग्रंथांतून स्ट्रोबिलँथिस व कार्विया अशी दोन प्रजातिनामे आढळतात. शिवाय मधपाळ रानात लॅटिन नावाने चौकशी करीत नाही. मधातील परागकणांच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाने माशी कोणत्या फुलावर गेली हे कळेल. परंतु त्या फुलाला गावात काय म्हणतात, हे कळणार नाही. उलटपक्षी, केवळ लोकनामांवर भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे, हे वरील उदाहरणांवरून उघडच आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीत स्थानिक नाव व गाव, वाळवून जतन केलेला नमुना, शास्त्रीय नाव आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या बहराचे वर्ष ही चारही अंगे एकत्र असली पाहिजेत. यांपैकी पहिले अंग बोलींच्या अभ्यासकाशिवाय सिद्ध होणार नाही. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे क्षेत्र परके मानू नये.