दप्तरांत नसलेली जबानी

विजय तेंडुलकरकृत ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हें १९६७ सालीं रंगभूमीवर आलेलें नाटक वस्तुतः बंदिवासाचेंच होय. दार बाहेरून बंद होतें आणि सभागृहाचा तुरुंग बनतो. लटक्या खटल्यांत शिक्षिका लीला बेणारे हिजवर भ्रूणहत्येचा आरोप येतो. ऐकीव गोष्टी पुरावा ठरतात. प्रा. दामले गैरहजर, त्यांस कोणी आरोपी करीत नाहीं. शेवटीं तेंच न्यायालय तिचा गर्भ नष्ट करण्याची आज्ञा देतें! तिचें दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात. न्यायालयाच्या लेखीं ती मौनच राहते. मग मंडळी प्रयोगाच्या तयारीस लागतात, ती एकटी उरते. जुनीं निवाडपत्रें वाचणाऱ्या संशोधकानें एवढें ध्यानीं धरावें: कागदावर जबानी नाहीं, म्हणून आरोपीस सांगावयाचें कांहीं नव्हतें असें मानूं नये.