तिसरी वेळ

किशोरी आमोणकर आपल्या आईच्या तालमीची एक हकीकत मुलाखतींतून सांगत असत. माई, म्हणजे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, अस्ताई-अंतरा दोनदाच म्हणून दाखवीत; तिसऱ्यांदा नाही. टिपायचे ते तेवढ्यातच टिपायचे. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा, खरे सांगायचे तर, मला रागच आला. पोटच्या पोरीशी एवढी कंजुषी कशाला? आज माझे मत तसे राहिलेले नाही. ते कशाने पालटले, तेवढेच येथे सांगतो.

मोगूबाईंचा जन्म १९०४ सालचा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. लहानपण नाटक कंपन्यांत गेले. पुढे सांगलीस अल्लादियाखाँसाहेबांची तालीम लाभली. खाँसाहेब मुंबईस गेले आणि ती तुटली. मध्यंतरी त्यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे त्या शिकल्या, आणि अखेर पुन्हा खाँसाहेबांपाशी आल्या. विद्या अशी तुकड्यातुकड्यांनी जिने मिळवली, तिला एकेका तुकड्याचे मोल ठाऊक असणारच. पतीही लवकर गेले. तीन मुले पदरात होती. मैफली आणि शिकवण्या यांवरच घर चालले.

त्यांच्या गाण्याची जी ध्वनिमुद्रणे उरली आहेत, ती ऐकताना प्रथम जाणवते ती लय. खुल्या आकारातला आलाप तबल्याच्या ठेक्याला धरून चालतो, आणि सम येते ती गाजावाजा न करता, आपल्याच उंबऱ्यात पाऊल टाकावे तशी. कोठे वायफळ हरकत नाही. दोषच काढायचा तर म्हणेन की, गाण्यात हळवेपणा शोधणाऱ्यास हे गाणे कोरडे वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसे वाटले.

कन्येचे गाणे निराळे. किशोरीताईंनी लय संथ केली, एकेका स्वरापाशी मुक्काम केला, आणि रागाचा भाव हाच गाण्याचा प्राण मानला. जयपूर घराण्याचे अभिमानी कुरकुरले. आईने दिलेले मुलीने टाकले, असेही बोलले गेले. माझा मतभेद आहे तो येथे. त्यांचा भूप लक्ष देऊन ऐका. सूर कितीही रेंगाळो, खालची लय ढळत नाही. आईने दिलेले टाकले असते तर इतके संथ गाताच आले नसते. सारा डोलारा कोसळला असता.

मग तिसऱ्यांदा न म्हणण्याचा अर्थ काय? पन्नासदा म्हणून दाखवले तर शिष्य नक्कल करतो. दोनदाच म्हटले तर उरलेली जागा त्याला स्वतःच्या बुद्धीने भरावी लागते. पण एवढ्यावर भागत नाही. मैफलीत आईच्या मागे तानपुऱ्यावर किशोरीताई असत. माझ्या मते तिसरी वेळ ती तेथे होती. घरी दोनदा ऐकलेली चीज तेथे पुन्हा कानी पडे. परंतु ती तशीच कधी येत नसे. त्या दिवसाच्या गळ्याप्रमाणे ती पालटलेली असे. शिकवणाऱ्या मोगूबाई आणि गाणाऱ्या मोगूबाई अशा दोन बाया नव्हत्याच. एकीने मुद्दाम राखून ठेवलेले दुसरी मैफलीत देऊन टाकी.

कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, पद्मा तळवलकर यांनाही मोगूबाईंची तालीम मिळाली. पण एकीचे गाणे दुसरीच्या छापाचे नाही. गुरूची परीक्षा मी यावरून करतो. अर्थात ही रीत सोपी नव्हे. ज्याला घरी-दारी चार घटका गाणे ऐकायला मिळत नाही, असा शिष्य तिच्यात बुडून जाईल. केवळ कडकपणा उचलून कोणी गुरू होत नाही.

आमच्या शेजारची मुलगी गाण्याची शिकवणी फोनवर टिपून आणते आणि हवी तितक्यांदा ऐकते. त्यात गैर काही नाही. पण तिच्या आईला मी सांगितले आहे की, या दिवाळीत पहाटेच्या मैफलीला पोरीला घेऊन जा, शक्य तर तिच्या गुरूंच्याच. आणि तेवढा वेळ तो फोन घरी ठेवा.