दुसऱ्या दिवशी ती कोठे जाते? : आदिवासी स्त्रीवरील हिंसेच्या काही मराठी संहितांची चिकित्सा (शहापूर-मुरबाडच्या संदर्भात)

मराठी समीक्षेत आदिवासी जीवनाचा विचार बहुधा अस्मिता, संस्कृती आणि विद्रोह या अंगांनी होत आला आहे. आदिवासी स्त्रीवर होणाऱ्या हिंसेचा उल्लेख त्यात येतो. परंतु तो शोषणाच्या यादीतील एक बाब म्हणून येतो आणि यादी पुढे सरकते. प्रस्तुत लेखात काही परिचित कलाकृतींना व एका न्यायालयीन प्रकरणाला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. हिंसा घडल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती स्त्री कोठे जाते, आणि लिहिणारा तिच्याबरोबर तेथवर जातो काय? हा प्रश्न वाङ्मयीन आहे, तसाच तो शहापूर व मुरबाड या तालुक्यांत पीडित स्त्रिया-मुलींना साहाय्य करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढचाही आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वारली चळवळीचा बहुतेक प्रदेश तिकडे गेला. ठाणे जिल्ह्यात शहापूर हा संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात मोडणारा तालुका राहिला, आणि मुरबाडचा काही भाग. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या-पाडे येथे विखुरलेले आहेत. साहित्याने मात्र या भागाकडे क्वचितच पाहिले. म्हणून शेजारच्या प्रदेशातील संहितांपासून आरंभ करणे भाग आहे.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावरच, किसान सभेची परिषद भरली आणि तेथून वारल्यांच्या उठावाची ठिणगी उंबरगाव-डहाणूकडे गेली. या पुस्तकातील लग्नगड्याचे चित्र विसरता येत नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पुरुष जन्मभर सावकाराचा गडी होई, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही त्या वाड्याची होई. जमीनदाराने तिच्यावर हात टाकणे हा गुन्हा नसून वहिवाट समजली जाई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालातही या अत्याचारांची नोंद आहे. परंतु अहवालातील नोंद आणि पायी हिंडलेल्या बाईने ऐकलेली हकिकत यांतील अंतर गोदूताईंच्या पानापानांवर जाणवते.

तथापि शीर्षकातील ‘माणूस’ हा शब्द येथे थांबून ऐकण्याजोगा आहे. लेखिकेला त्यातून मनुष्यमात्र अभिप्रेत आहे, यात शंका नाही. खेड्यातली बाई मात्र ‘माझा माणूस’ म्हणते तेव्हा ती नवऱ्याविषयी बोलत असते. या पुस्तकात जागा होतो तो माणूस प्रामुख्याने हाच. स्त्रीवरील अत्याचार सावकाराच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून कथनाच्या मध्यभागी येतो. वेठ संपली की तो पुरावाही संपतो. जागा झालेला माणूस घरी परतल्यावर काय करतो, या प्रश्नाला स्वतंत्र कथानक मिळत नाही. हा दोष लेखिकेच्या नजरेचा नव्हे. चळवळीचा इतिहास सांगणाऱ्या प्रकाराचीच ती मर्यादा आहे. शत्रू बाहेर असतो तोवर हा प्रकार समर्थ असतो.

वीटभट्टीचे उदाहरण घेतले म्हणजे हा मुद्दा केवळ ऐतिहासिक नाही हे ध्यानात येईल. पावसाळा सरला की शहापूर-मुरबाडमधील अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. आगाऊ बयाणा घेतलेला असतो, आठवड्याला खावटी मिळते आणि हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो. मजुरी हजार विटांमागे ठरते व काम जोडीने होते. हिशेब मात्र बहुधा पुरुषाच्या नावावर असतो. अशा स्थितीत मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडणे म्हणजे जोडी मोडणे, आणि जोडी मोडली तरी बयाणा उरतोच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला घरात राहण्याचा हक्क देतो. पण हंगामातले तिचे घर मालकाच्या जागेवरचे खोपटे असते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा व तिला नवऱ्यापासून संरक्षण देणारा कायदा हे दोन वेगळ्या कार्यालयांत, दोन वेगळ्या फायलींत राहतात. लग्नगड्याच्या बायकोची कहाणी मात्र एकच होती, आणि गोदूताईंनी ती एकत्रच पाहिली होती. साहाय्य करणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावयास हवे.

याउलट दुसरी प्रतिमा आहे ती ‘मुक्त’ आदिवासी स्त्रीची. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातील ठाकर समाजातली चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि आपल्या मनाने नाग्याची निवड करते. पांढरपेशा प्रेक्षकाला तिचे जे आकर्षण वाटले ते निर्व्याज होते, असे मानावयास हरकत नाही. देज परत करून होणारी काडीमोड, पुन्हा पाट लावण्याची मुभा, या गोष्टी आदिवासी समाजांत आहेत आणि त्या स्त्रीच्या बाजूच्या आहेत.

परंतु हीच प्रतिमा न्यायालयात गेली म्हणजे तिचे काय होते? २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. मथुरा प्रकरण म्हणून ते देशाला ठाऊक आहे. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणून संमती होती, असा तर्क होता. मुलीचे आधीचे प्रेमसंबंध व शरीरसंबंधांची ‘सवय’ यांची चर्चा सत्र न्यायालयापासून चाललेली होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर निदर्शने झाली आणि १९८३ साली कायदा बदलला. चित्रपटगृहात जिच्या स्वातंत्र्याचे कौतुक झाले, न्यायासनापुढे तेच स्वातंत्र्य तिच्याविरुद्धचा पुरावा ठरले. चिंधी व मथुरा यांना एकाच दशकाने पाहिले, हा योगायोग मला क्षुल्लक वाटत नाही. ‘त्यांच्यात हे चालतेच’ हे वाक्य कौतुकाने उच्चारता येते आणि तुच्छतेनेही. दोन्ही वेळा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची लेखणी थांबते. कौमार्याविषयी अनुमान काढणारी ‘दोन बोटांची’ चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही बजावावे लागले.

या सर्वांत विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे नाटक (१९८१) अधिक अडचणीचे आहे, कारण ते स्वतःच या प्रश्नाचे नाटक असल्यासारखे वाटते. अश्विनी सरीन या पत्रकाराने एक स्त्री विकत घेऊन देहविक्रीचा बाजार उघडकीस आणला, त्या घटनेवर ते बेतलेले आहे. नाटकातील जयसिंग जाधव आदिवासी कमलाला अडीचशे रुपयांत विकत घेतो, पत्रकार परिषदेत उभी करतो आणि मग संस्थेत रवाना करतो. त्या दरम्यान कमला जयसिंगच्या पत्नीला, सरिताला, विचारते की तुला केवढ्याला घेतले. या एका प्रश्नाने सरिताला स्वतःचे दास्य दिसते. मराठी समीक्षेने या क्षणाची भरपूर वाखाणणी केली आहे, आणि ती यथार्थच आहे.

मात्र त्यानंतर कमला जे सांगते त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपण दोघी मिळून राहू, कामे वाटून घेऊ, महिन्याचे दिवसही वाटून घेऊ, अशी रचना ती मांडते. प्रेक्षागृहात यावर हसू येते. वर्गात शिकवितानाही येते. वास्तविक संपूर्ण नाटकात कमलाच्या निवाऱ्याचा, अन्नाचा व उद्याचा विचार कोणी केला असेल तर तो फक्त तिने. तिची योजना आपल्याला मान्य होण्यासारखी नाही, हे खरे. पण ती योजना आहे, आणि तिच्याशी कोणी वाद घालत नाही, तिला दुसरा पर्याय विचारत नाही. जयसिंगने तिला बातमीसाठी वापरले यावर तेंडुलकरांचा उपरोध धारदार आहे. नाटकाने तिला सरिताच्या जागृतीसाठी वापरले, येथे मात्र तो उपरोध पोहोचत नाही. कमला संस्थेत जाते आणि नाटक सरिताबरोबर घरी राहते.

संस्थेत रवानगी हा शेवट आपल्याकडे आजही ‘सुटका’ या शब्दाने लिहिला जातो. मुरबाडच्या पाड्यावरील मुलगी बाल कल्याण समितीपुढे जाते म्हणजे आधी कल्याणपर्यंत एस.टी., मग पुढचा प्रवास. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. तारीख पडली की पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी बरोबर येणाऱ्या आईची मजुरी बुडते. शिवाय पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीचा प्रश्न आहेच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तिच्या गरोदरपणाची खबर पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, म्हणून दवाखानाच टाळला जाण्याचा धोका असतो. खबर देऊ नये असे मी म्हणत नाही. जबरदस्तीच्या लग्नात तीच तिची एकमेव वाट असू शकते. पण त्या मुलीची स्वतःची योजना काय आहे, हे नोंदविण्यासाठी छापील नमुन्यात रकाना नसतो.

शेवटी ज्या संहितेवर सारे अवलंबून असते ती म्हणजे पोलीस ठाण्यातील जबाब. मराठीच्या अध्यापकांनी तो संहिता म्हणून वाचावयास हवा. मुलगी ठाकरी किंवा कातकरी बोलीत, तुटक, मागेपुढे होत सांगते. कागदावर उतरते ते ‘सदर इसमाने’ आणि ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन’. ही भाषा तिची नाही, तिच्या आईचीही नाही. पुढे उलटतपासणीत तिला विचारले जाते ते याच शब्दांविषयी, आणि तिने ते ओळखले नाहीत की ती खोटी ठरते. पॉक्सो कायद्यात मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असल्यास दुभाषा देण्याची, तसेच नोंद सोप्या भाषेत करण्याची तरतूद आहे. परंतु या बोली मराठीच्याच समजल्या जातात. त्यामुळे दुभाष्याची गरज आहे असे कोणाच्या मनातच येत नाही. बोलींचे शब्दसंग्रह आपल्या विभागांनी केले आहेत, ते बहुतांशी सण, गाणी, शेती व नातेसंबंध यांचे. शरीराचे अवयव, दुखणे, धाक, बळजोरी, नकार यांसाठी या दोन तालुक्यांतील वाड्यांवर बायका एकमेकींत कोणते शब्द वापरतात, याचा संग्रह त्यांच्याच संमतीने, कोणतीही व्यक्तिगत हकिकत न नोंदविता, स्त्री-प्राध्यापिका व आदिवासी विद्यार्थिनी करू शकतील. तो पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय आणि पॉक्सोखाली नेमल्या जाणाऱ्या साहाय्यक व्यक्ती यांच्या हाती देता येईल, आणि जबाब लिहून झाल्यावर तो तिला तिच्या बोलीत वाचून दाखविता येईल.